वीस मिनिटांची जोडणी

आमच्या नेट-खोलीत बारा मशिनं आहेत आणि त्यांतलं नऊ नंबरचं मी माझ्या बहिणीसाठी राखून ठेवलं होतं. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून कोणी म्हणेल की हिने काही काळजीच घेतली नाही. घेतली होती. उपयोग झाला नाही, एवढंच.

खोली नगरपालिकेच्या वाचनालयाच्या तळमजल्यावर आहे. पूर्वी तिथे फाटकी पुस्तकं बांधायला ठेवायचे. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीने शहराला अनुदान दिलं. ज्यांच्या घरी इंटरनेट नाही त्यांना ते फुकट मिळावं, ही त्यामागची कल्पना. मग मशिनं आली, फिरत्या खुर्च्या आल्या, अंगणात वायफायचा उंच खांब उभा राहिला. कंपनीच्या नावाचा पितळी फलक मात्र या सगळ्याच्या आधी भिंतीवर लागला. खोली चालवायला मला नेमलं. मी वरच्या मजल्यावर वीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारत होते, त्यामुळे खाली आल्यावर मला पंख फुटल्यासारखंच झालं.

आणि खोली चालायला लागली, अगदी जोरात. नोकरीचे अर्ज भरणारे यायचे, पेन्शनच्या दाखल्यासाठी म्हातारे यायचे. एक निवृत्त ड्रायव्हर रोज अकराला येऊन परदेशातल्या नातवाशी बोबडं बोलायचा आणि सगळी खोली कान देऊन ऐकायची. लोक मला 'नेटबाई' म्हणायला लागले. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या वर्षी कंपनीचं पत्र आलं. दिवसाला सरासरी चारशे लाभार्थी असतील तर अनुदान पुढे चालू, नाहीतर वर्षअखेर बंद. आमचे होत होते दोनशे तीस. खोली रिकामी असायची असं नाही, बाहेर पायरीवरही लोक खांबाच्या वायफायला फोन जोडून बसलेले असायचे. पण माणूस एकदा मशीनवर किंवा फोनवर बसला की दोन-दोन तास उठायचा नाही आणि कंपनीच्या मोजणीत तो एकच धरला जायचा. ती मोजणी लॉगिनवर चालायची. फोनवर सहा आकड्यांचा कोड येतो, तो टाकला की एक लाभार्थी.

मग एका दुपारी वीज चारदा गेली आणि आली. संध्याकाळी पाहते तर आकडा पाचशेच्या वर. प्रत्येक वेळी सगळ्यांनी पुन्हा कोड टाकला होता आणि प्रत्येक वेळी तेच लोक नव्याने मोजले गेले होते.

पुढची अक्कल माझी. कोणावर खापर फोडायला जागा नाही. आमची यंत्रणा सांभाळणारा तंत्रज्ञ आहे, त्याला आम्ही तारवाला म्हणतो. त्याला मी माझ्या केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "दर वीस मिनिटांनी प्रत्येकाची जोडणी आपोआप तोडता येईल का?"

"येईल की. सेटिंगमध्ये एका चौकटीत खूण करायची. पण ताई, लोक शिव्या घालतील."

"खोली बंद पडली तर शिव्या घालायलाही कोणी उरणार नाही. कर."

दारावर मी पाटी लावली: 'सर्वांना संधी मिळावी म्हणून दर वीस मिनिटांनी पुन्हा लॉगिन करावे.' वाचायला किती चांगली वाटते! एका बाईचा सात पानी अर्ज सहाव्या पानावर उडाला, तेव्हा मी तिला म्हटलं, जरा भराभर टाइप करत जा. नातवाचा चेहरा मधेच गेला की ड्रायव्हर खिसे चाचपत चष्मा शोधायचा, मग फोन, मग कोड. तोवर तिकडे पोर झोपी गेलेलं असायचं. आकडा मात्र चारशेच्या वर गेला. ग्रंथपाल सर म्हणाले, "बाई, तुम्ही जादू केलीत." कशी केली ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

आता माझ्या बहिणीविषयी. धाकटी माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. नवऱ्याशी पटेना, म्हणून दीड वर्षापूर्वी मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी सहा वर्षांची. तोंड गोल म्हणून तिला आम्ही गुंडी म्हणतो. धाकटी एका शिवणकारखान्यात कॉलर जोडायचं काम करते. नवऱ्याला परदेशात नोकरी लागली आणि मुलीला कायमचं बरोबर न्यायची परवानगी त्याने कोर्टाकडे मागितली. कोर्ट त्याच्या शहरात, इथून चौदा तासांच्या अंतरावर.

धाकटी स्वतः जायला निघाली होती. बॅगही भरली होती. मीच तिला अडवलं. "कशाला जातेस? कोर्टाने ऑनलाइन हजर राहायची मुभा दिलीय. गुंडीला दोन दिवस कोणाकडे ठेवणार? तुझ्या फोनवर कोर्टाचं ॲप उघडत नसेल तर माझ्याकडे ये. शहरातलं सगळ्यात चांगलं नेट माझ्या खोलीत आहे."

"नक्की ना ताई?"

"अगं, मी आहे ना तिथे."

तिने बॅग रिकामी केली.

मी तारवाल्याला सांगून नऊ नंबरच्या मशीनपुरती ती वीस मिनिटांची अट काढून घेतली. कोपऱ्यातलं मशीन, मागे भिंत, येण्या-जाण्याचा त्रास नाही. त्यावर जोडणी दिवसभर तुटणार नव्हती. हे फक्त मला आणि तारवाल्याला माहीत होतं. दुसऱ्या कोणाला सांगायचं तर बाकीच्या अकरांवर काय चाललंय तेही सांगावं लागलं असतं.

सुनावणी गुरुवारी अकराला. बुधवारी संध्याकाळी सर जिन्यावरूनच ओरडत आले, "बाई, उद्या कंपनीची माणसं येताहेत! पाहणी, फोटो, मुलाखती!" मी म्हटलं, धाकटी आपल्या कोपऱ्यात बसेल, पाहुणे आपले फिरतील.

गुरुवारी पावणेअकराला तिला नऊवर बसवलं. तिने इस्त्रीची साडी नेसली होती, केस घट्ट बांधले होते. कागदांचा गठ्ठा मांडीवर होता. गुंडीचा शाळेचा निकाल, डॉक्टरचा दाखला आणि कारखान्याचं पत्र असे ते कागद होते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि फाटकाशी गेले, कारण गाडी आली होती. कंपनीच्या बाई, त्यांचे दोन सहकारी आणि एक कॅमेरावाला. मी त्यांना अंगणातला खांब दाखवला, पायरीवरची रांग दाखवली. त्या हसून प्रत्येक गोष्टीला "वा" म्हणत होत्या. आत यायला अकरा चोवीस झाले.

आत आले तर धाकटी तीन नंबरच्या मशीनपाशी उभी. हातात फोन, चेहरा पांढराफटक.

"ताई, गेलं. एकदम गेलं सगळं."

"तू इथे कशी?"

"सरांनी उठवलं. फलकाखाली फोटो घ्यायचाय म्हणाले. सगळी मशिनं सारखीच आहेत म्हणाले."

पितळी फलक नऊच्या डोक्यावर होता. रोज बघत होते मी तो. नऊवर आता निवृत्त ड्रायव्हरला बसवलं होतं, त्याच्या शर्टाला माइक लावत होते. आणि सर माझ्याकडे बघून हसत होते, काही चुकलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आता नीट ऐका, कारण हेच मला रोज आठवतं. माझी केबिन तिथून दहा पावलांवर होती. आत जाऊन एक खूण काढली असती तर अट सगळ्यांसाठी गेली असती. पण खूण काढली की सगळी यंत्रणा बंद होऊन पुन्हा सुरू होते, त्याला सात मिनिटं लागतात. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आकडा चालू होता आणि कंपनीच्या बाई त्याच्यासमोर उभ्या होत्या. सात मिनिटं तो पडदा काळा झाला असता. त्यांनी कारण विचारलं असतं. मी मनात म्हटलं, निम्मी सुनावणी झालीच असेल, वीस मिनिटं पुरतील.

"काही नाही होत," मी कुजबुजले. "पुन्हा कोड टाक आणि बस."

तिने टाकला. कोड यायला वेळ, मग कोर्टाच्या पडद्यावर 'प्रतीक्षा करा', मग एकदाचे न्यायाधीश दिसले. मी पाहुण्यांकडे वळले.

दुसऱ्यांदा गेलं तेव्हा मी कंपनीच्या बाईंना नोंदी दाखवत होते. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तो मी ओळखला. वळले नाही.

तिसऱ्यांदा कॅमेरा माझ्यावर होता. बाई माझी मुलाखत घेत होत्या, या खोलीने लोकांना काय दिलं म्हणून. कॅमेऱ्याच्या मागे, बरोबर माझ्या समोर, धाकटीने हात वर केला. शाळेत मुलं करतात तसा, सरळ, ताठ. ती हाक मारत नव्हती, कारण माझी मुलाखत चालली होती आणि ताईचं काम बिघडायला नको. मी तिला पाहिलं. आणि मी माझं वाक्य पूर्ण केलं. म्हणाले, "आमच्याकडून कोणीही जोडणीवाचून परत जात नाही."

टाळ्या वाजल्या. मी तिच्यापाशी पोचले तेव्हा ती त्या मशीनवर चौथ्यांदा कोड टाकत होती. पडद्यावर आलं, 'सुनावणी संपली आहे.'

"मला विचारत होते ताई," ती म्हणाली. "मुलगी तुमच्याकडे का राहावी ते सांगा म्हणाले. मी म्हटलं, साहेब, ती रात्री—आणि गेलं."

पाच वाजता निकाल ईमेलवर आला. तो आमच्याच खोलीत, आमच्याच कागदावर मी छापून काढला. आईने तीन वेळा सुनावणीतून संपर्क तोडला, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, प्रकरणाचं गांभीर्य दिसत नाही. दहा दिवसांत मुलीचा ताबा वडिलांना द्यावा.

घरी गेल्यावर धाकटीने गुंडीला वाढलं, तिची वेणी सोडली, तिला झोपवलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं. माझं कोपर लागलं असेल कुठल्यातरी बटनाला. मला येत नाही ना ते नीट."

मी खरं सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "झोप आता."

चार दिवस मी मूग गिळून बसले. चारही दिवस ती कारखान्यातून सुटली की खोलीत यायची, रिकाम्या मशीनपुढे बसायची आणि टाइप करायला शिकायची. कोपर अंगाशी घट्ट धरून, एकेका बोटाने. पुन्हा संधी मिळाली तर चुकायला नको, म्हणून. वीस मिनिटांनी पडदा गेला की स्वतःच्याच हातावर चापट मारायची. आणि मी दहा पावलांवर काचेच्या आड बसलेली.

घरी गुंडीचा नवा खेळ चालू होता. ती न्हाणीघराच्या दारात आडवी उभी राहायची. "कोड सांग, नाहीतर आत नाही!" कोणी बरोबर सांगितला की आत सोडायची आणि थोड्या वेळाने दार बडवायची, "वेळ संपली! पुन्हा कोड!" माझ्या नेट-खोलीत बसून शिकली होती ती. पूर्वी आम्ही दोघी पोट धरून हसायचो. आता धाकटी मुकाट्याने आकडे सांगायची आणि आत गेली की नळ मोठा सोडायची. गुंडीला अजून काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार होतो? शनिवारी तिने बॅगेत बाहुली भरली, खेळातच. मी ती बाहेर काढून ठेवली आणि पोरीवर उगाच खेकसले.

सोमवारी वकीलबाईंचा फोन आला; निकालानंतर धाकटीने त्यांना गाठलं होतं. धाकटीने आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"निकाल थांबवायचा अर्ज करता येईल," त्या म्हणाल्या. "गुरुवारपर्यंतच. पण 'नेट गेलं' असं सगळेच सांगतात, कोर्ट ऐकत नाही. तुम्ही जिथे बसला होतात त्या केंद्राचं सही-शिक्क्याचं पत्र हवं, जोडणी कशाने तुटली त्या कारणासकट. आणि कारण खरं द्या. त्या कंपनीने त्या दिवसाचा अहवाल सगळीकडे छापलाय, जोडणी एक सेकंदही बंद नव्हती म्हणून. समोरचा वकील तो घेऊन उभा राहील."

"कारण माझंच आहे," धाकटी फोनकडे बघत म्हणाली. "माझा हात लागला."

"तसं असेल तर मग काही होणार नाही," वकीलबाई म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी मी नोंदी काढल्या. त्या दिवशी चारशे एकतीस लाभार्थी. त्यांत एकच फोन नंबर पाचदा: दहा पंचावन्न, अकरा दोन, अकरा सव्वीस, अकरा पन्नास, बारा चौदा. माझी बहीण त्या दिवशी पाच माणसं होती. पहिली नोंद नऊ नंबरवरची, बाकीच्या चार तीनवरच्या. अकरा दोनपासून दर वीस मिनिटांनी तुटल्याचा शिक्का आणि पुढे कारण छापलेलं: 'केंद्राच्या सूचनेनुसार'.

मी पत्र लिहिलं आणि सरांकडे शिक्का मागायला गेले. त्यांच्या टेबलावर दुसरं पत्र उघडं होतं. अनुदान मंजूर, आणखी पाच वर्षं, शिवाय आठ नवी मशिनं. सरांनी आधी मला चहा दिला, मग माझा कागद वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"हे खरं आहे?"

"हो."

"आणि मी तिला उठवलं." त्यांनी कप बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाले, "बाई, नुसतं 'तांत्रिक कारणामुळे' लिहा ना. हे बाहेर गेलं तर खोली राहत नाही. तुमची नोकरी राहत नाही. त्या ड्रायव्हरने काय करायचं? पायरीवर बसतात त्या लोकांनी कुठे जायचं?"

ते काही चुकीचं बोलत नव्हते. त्या लोकांना दुसरी जागा नाही. ती खोली वाचावी म्हणूनच तर मी हे सगळं केलं होतं. मला सरांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मला एवढंच दिसत होतं की गुरुवार परवा आहे आणि 'तांत्रिक कारण' लिहिलं तर गुंडी जाणार.

"शिक्का द्या सर," मी म्हटलं. त्यांनी ड्रॉवर उघडला, शिक्का टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. शिक्का मी मारला. सही केली नाही. ती मला धाकटीसमोर करायची होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी पत्र आणि नोंदींचा कागद तिच्यासमोर ठेवला. गुंडी बाहेरच्या खोलीत रंगवत बसली होती. धाकटी सावकाश वाचते, ओठ हलवत. एकदा वाचलं. पुन्हा वरून सुरुवात केली. बोट प्रत्येक ओळीखालून फिरत होतं.

"म्हणजे माझा हात लागला नव्हता."

"नाही."

"वीस मिनिटं कोणी ठरवली?"

"मी."

तिने मान वर केली नाही. "आणि चार दिवस मी तिथे कोपर अंगाशी धरून बसत होते, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

मला वाटलं आता ती ओरडेल. काहीतरी फेकून मारेल. मला तेच हवं होतं, खरं सांगते. ती ओरडली नाही. बाहेरून गुंडीने हाक मारली, आई, पिवळा संपला. धाकटी म्हणाली, केशरी वापर. आवाज अगदी नेहमीसारखा.

मग तिने पत्र माझ्याकडे वळवलं.

"हे सगळं आहे यात?"

"सगळं आहे."

"मी हात वर केला होता," ती म्हणाली. "तू कॅमेऱ्यासमोर होतीस. तू माझ्याकडे बघत होतीस ना?"

"बघत होते."

"ते नाहीये यात."

ती उठली, शिवणाच्या डब्यातून पेन काढून आणलं आणि कागदावर ठेवलं.

"तेही लिही," ती म्हणाली. "मग सही कर."

शिक्का आणि शेवटची ओळ यांच्यामध्ये दोन बोटं जागा उरली होती. तेवढ्या जागेत मी ते बारीक अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.